यंत्र म्हणतं मी नवऱ्याच्या 61 टक्के! यात वय किती, बाईपण किती आणि माझा आळस किती?

अजिंक्यताऱ्याखालची

नमस्कार मंडळी. गुडघ्यांवरचे धागे इथे नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

वय 55, मुक्काम सातारा, सरकारी कार्यालयात लिपिक. म्हणजे दिवसभर खुर्ची, आणि उठायचं ते फक्त साहेबांनी हाक मारली की. आमचे हे 61 चे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. रोज पहाटे आम्ही दोघं अजिंक्यतारा चढतो. रोज म्हणजे पाऊस, पाहुणे आणि माझा कंटाळा वगळून. चढताना मी यांच्या बरोबरीने असते, वर तोंडही चालू असतं. उतरताना मात्र उजवा गुडघा कुरकुरायला लागतो. वाटीच्या मागे कुणी चिमूटभर वाळू टाकल्यासारखं वाटतं. मी खाली टपरीवर पोचते तोवर यांचा चहा संपलेला असतो आणि हे दुसऱ्याचा पेपर वाचत बसलेले असतात.

आता मुद्द्याचं. माझी भाची फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय. तिच्या प्रबंधाचा विषय, वय आणि स्त्री-पुरुष फरकानुसार गुडघ्याच्या स्नायूंची ताकद. "मावशी, माणसं कमी पडतायत, तू आणि काका या, नाश्ता माझ्याकडून," असं म्हणून तिने आम्हाला कॉलेजात नेलं. तिथे एक खुर्ची, दंतवैद्याकडे असते तशी. छातीवर पट्टा, कमरेला पट्टा, मांडीवर पट्टा, आणि नडगी एका लोखंडी दांड्याला बांधलेली. दांडा ठरावीक वेगानेच फिरतो. तुम्ही कितीही जोर लावा, तो आपली चाल सोडत नाही, उलट तेवढाच जोर तुमच्यावर परत टाकतो. सरकारी फाइलीसारखा. पाच वेळा पाय सरळ करायचा, पाच वेळा मागे ओढायचा, आणि भाची कानाशी "अजून, अजून, अजून" ओरडत असते. तिसऱ्या खेपेला माझी मांडी थरथरायला लागली. हे उतरले आणि शर्ट खोचून विचारतात, "झालं एवढंच?"

कागदावर आलेले आकडे न्यूटन-मीटरमध्ये आहेत, सेकंदाला 60 अंश या वेगाचे. पाय सरळ करण्याची ताकद माझी उजवीकडे 78, डावीकडे 66. यांची उजवीकडे 128, डावीकडे 131. मागे ओढण्याची माझी 41 आणि 36, यांची 74 आणि 75. माझं वजन 64, उंची 155. यांचं 72 आणि 172.

78 भागिले 128 म्हणजे 61 टक्के. तेव्हापासून घरात माझं नाव एकसष्ट टक्के पडलंय. कुकर उघडत नसला की, "राहू दे, एकसष्ट टक्क्यांचं काम नाही ते."

भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तू नॉर्मल आहेस," आणि पुढच्या माणसाला पट्टे बांधायला पळाली. पण मी हिशेबातली बाई, मला फोड करून हवी. हे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, मग वयाचा नियम यांना का लागू नाही? यातलं बाई असल्यामुळे किती, वयामुळे किती, आणि मी स्वतः किती घालवलं? पहिलं-दुसरं माझ्या हातात नसेल तर निदान तिसऱ्याचा आकडा तरी कळू दे.

एक राहिलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून डाव्या घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. आता तो बरा आहे. दुखतो तो उजवा गुडघा, म्हणून याचा संबंध नसावा.

आपला_भाऊ

ताई, चाळिशीनंतर बायकांच्या गुडघ्यातलं वंगण संपतं म्हणतात. आमच्या आईचं तसंच झालं. निरगुडीचं तेल कोमट करून रात्री चोळा.

अजिंक्यताऱ्याखालची

भाऊ, तेल लावून झालंय. गादीला वास येतो, बाकी फरक नाही.

मिरजेचा_फिजिओ

ताई, तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून बोलता येतंय. एरवी लोक एमआरआयचा धूसर फोटो टाकतात आणि "काय करू?" एवढंच विचारतात.

आधी ते 61 टक्के सोडवू. न्यूटन-मीटर हे नुसत्या जोराचं माप नाही. जोर गुणिले दांड्याची लांबी, असं ते निघतं. तुमच्या नडगीवरचा पट्टा गुडघ्यापासून 30 सेंटिमीटरवर होता असं धरलं, तर 78 म्हणजे तिथे साधारण 26 किलोचा रेटा. यजमानांचा पाय लांब, त्यांचा पट्टा 34 वर धरा, म्हणजे 38 किलोचा. म्हणजे त्यांच्या आकड्यात काही भाग स्नायूचा नसून हाडाच्या लांबीचा आहे. आता दोघांचे आकडे आपापल्या वजनाने भागा. तुम्ही 1.22, ते 1.78, म्हणजे तुम्ही 69 टक्क्यांवर आलात. उंचीनेही भागलं तर 76 टक्के. शिवाय बाईच्या शरीरात चरबीचा वाटा निसर्गतःच जास्त असतो. वजन काट्यावर दिसतं, पण त्यातली चरबी दांडा ढकलत नाही. फक्त मांडीच्या स्नायूच्या जाडीशी ताडून पाहिलं तर फरक आणखी आकसतो. इंचभर स्नायू बाईचा असो की पुरुषाचा, ओढतो जवळपास सारखाच. पुरुषाकडे तो जास्त असतो, एवढंच. आणि हा फरक वयात आल्यावर पडतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींची हीच तपासणी केली तर दोघांचे आकडे जवळजवळ असतात. ढोबळ सांगायचं तर पायांच्या ताकदीत बायका पुरुषांच्या साठ ते सत्तर टक्के भरतात, हातांच्या ताकदीत त्याहून कमी. तेव्हा एकसष्ट हा काही तुमचा वैयक्तिक पराक्रम नव्हे.

वयाचा नियम यजमानांनाही लागू आहे. मांडीची ताकद विशी-तिशीत शिखरावर असते, पन्नाशीपर्यंत बरीचशी टिकते, मग दर दहा वर्षांनी ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के उतरते. सत्तरीनंतर उतार आणखी तीव्र. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या अमेरिकी लोकांची तीन वर्षं पाहणी झाली, त्यात पुरुषांच्या मांडीची ताकद वर्षाला तीन-चार टक्क्यांनी घटली आणि बायकांची अडीच-तीन टक्क्यांनी. म्हणजे उतारावर पुरुष जास्त वेगाने घसरतो! तुमच्या यजमानांनीही तिशीपासून बरंच घालवलं असणार, पण त्यांची सुरुवातच मोठ्या शिलकीवर झाली. बाईची शिलक मुळात कमी आणि आयुष्य जास्त, त्यामुळे खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येण्याची जी किमान पातळी आहे ना, तिथे ती आधी पोचते. बसमध्ये चढताना दांडा धरणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका जास्त दिसतात, त्याचं एक कारण हेच. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांची घट थोडी वेग घेते, तेही तुमच्या वयाला धरून आहे.

त्याच कागदावर 180 अंश वेगाचेही आकडे असतील, ते तुम्ही दिले नाहीत. ते पाहा. वयानुसार आधी बारीक होतात ते झटपट आकसणारे तंतू, म्हणून वेगातली ताकद संथ ताकदीच्या आधी ओसरते. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून सावरायला तीच लागते.

पण खरं सांगू? तुमच्या कागदात मला 78 आणि 128 पेक्षा 78 आणि 66 जास्त खुपतंय. डावा उजव्याहून 15 टक्क्यांनी कमी आहे. दोन पायांत दहा टक्क्यांपर्यंत फरक आम्ही फारसा मनावर घेत नाही, त्यापुढे विचारपूस करतो. यात वय नाही आणि बाईपणही नाही, कारण दोन्ही पाय एकाच बाईचे आहेत आणि एकाच वयाचे.

म्हणून एक प्रश्न. उत्तर आठवून देऊ नका, जिन्यावर जाऊन बघा. पायरी उतरताना तुमचा कुठला पाय आधी खाली जातो?

अजिंक्यताऱ्याखालची

गच्चीचा जिना चार वेळा उतरले. चारही वेळा, दर पायरीला डावा आधी. पाचव्यांदा मुद्दाम उजवा टाकायला गेले तर हात आपोआप कठड्यावर गेला आणि डावी मांडी लटपटली. हे खालून विचारत होते, काय शोधतेयस?

डावा आधी का, तेही आठवलं. प्लास्टर काढल्यावर दवाखान्यातल्या मुलीने शिकवलं होतं, "काकू, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी." मी ते पाळलं. कधी थांबवायचं ते कुणी सांगितलं नाही, मग पाळतच राहिले. 180 चे आकडेही आहेत: पाय सरळ करण्याचे, उजवा 44, डावा 35. यांचे 80 आणि 82.

मिरजेचा_फिजिओ

तेच वाटलं होतं. त्या मुलीने बरोबर शिकवलं, पण ते पहिल्या काही आठवड्यांसाठी असतं.

उतरताना जो पाय आधी खाली जातो तो फक्त जमीन शोधतो. सगळं काम मागे पायरीवर राहिलेला पाय करतो. तो गुडघ्यात हळूहळू वाकतो आणि 64 किलो सावकाश खाली सोडतो. त्या वेळी वाटीच्या मागे वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. दोन वर्षं तुमचा डावा नुसता जमीन शोधतोय, आणि दोन्ही पायांचं ओझं उजवा उतरवतोय. गड उतरताना तर किती पावलं होत असतील, मोजा. उजवा कुरकुरतोय तो बहुधा जादा कामामुळे. बहुधा म्हणतोय, कारण गुडघा मी पाहिलेला नाही. सूज असेल, अडकत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर आधी प्रत्यक्ष दाखवा. सुजलेला गुडघा मांडीच्या स्नायूला अर्धवट बंदच करून टाकतो, मग व्यायाम मुरत नाही.

तसं काही नसेल तर घरात जेवायचा पाट असेल ना, दोन-अडीच इंचांचा? भिंतीजवळ ठेवा. डावा पाय पाटावर, उजवी टाच हळूहळू खाली जमिनीला टेकवायची, तीन मोजत, आणि परत वर. गुडघा आत झुकू द्यायचा नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाटावर पाट. दुसरं म्हणजे खुर्चीतून उठणं. दोन्ही पायांनी उठा, बसताना भार डाव्यावर ठेवून सावकाश बसा. उजव्याला सुट्टी नाही, पण डाव्याला एक फेरी जास्त.

आणि आहार. लिपिकबाईंचा डबा म्हणजे दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असेल तर स्नायू बांधायला माती आहे, विटा नाहीत. डाळ, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. तुमच्या वजनाला दिवसाला 60-65 ग्रॅम प्रथिनं तरी हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

या वयात काय फरक पडणार, असं म्हणू नका. 1990 साली बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, वयं 86 ते 96, आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला होता. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तुम्ही त्यांच्यापुढे कॉलेजकुमारी.

खो_दिला

फिजिओ दादांचं पटलं, पण बाईपणाच्या हिशेबात एक ओळ राहिली.

मी 63 ची, सांगलीची. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, चौकटीत बसायचं ते बूड टेकवून नाही. पाय दुमडून, पंजावर, स्प्रिंगसारखं. पाठीवर थाप आणि "खो" एकदम येतं, आणि त्या क्षणी उठून पळायचं. तुम्ही म्हणता ती वेगातली ताकद हीच ना? एका डावात कितीदा उठायचो त्याला गणती नाही. बाविसाव्या वर्षी लग्न झालं. सासरी कुणी "खेळू नको" म्हणालं नाही. विषयच निघाला नाही. माझ्याबरोबरचा मुलांच्या संघाचा कॅप्टन मात्र पन्नाशीपर्यंत तालमीशेजारच्या मैदानावर मुलांना शिकवत होता, स्वतः बसून दाखवत होता. आज आम्हा दोघांना त्या यंत्रावर बसवलं तर फरक येईलच, आणि कागदावर लिहिलं जाईल "स्त्री-पुरुष फरक". त्यातलं निसर्गाचं किती आणि चाळीस वर्षं मैदान सुटलं त्याचं किती, हे यंत्र कसं सांगणार?

आणि अगं एकसष्ट टक्के, तुझे हे ड्रायव्हर होते ना? मग डावा पाय 131 का, ते त्यांनाच विचार. जुन्या एसटीचा क्लच काय असतो!

माझी आई 84 ची आहे. अजून जमिनीवर बसून भाजी निवडते आणि हात न टेकता उठते. कमोड आणि डायनिंग टेबल आल्यापासूनच गुडघ्यांची वाट लागली असं माझं मत.

मिरजेचा_फिजिओ

मैदान सुटल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या यंत्राच्या फॉर्मवर "आधी काय काम करायचात" हा रकाना असायला हवा, बऱ्याच ठिकाणी नसतो.

जमिनीवर बसण्याबद्दल मात्र जरा थांबा. खाली बसून उठणं हा मांडीला उत्तम व्यायाम, पण तासन्‌तास उकिडवं बसून राहणं वेगळं. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. माझ्याकडे भातलावणी करणाऱ्या बायका येतात. मांड्या दगडासारख्या आणि गुडघे मात्र गेलेले. तुमच्या आईंना नमस्कार सांगा, पण तो आकडा सगळ्यांना लावू नका.

क्लच_ब्रेक

मीच तो 128 वाला. हिने माझा उल्लेख केल्याचं भाचीकडून कळलं, म्हणून खातं उघडलं.

खो-खोवाल्या ताई बरोबर बोलल्या. चौतीस वर्षं क्लच दाबला. घाटात एका फेरीला किती वेळा, ते विचारू नका. सुरुवातीच्या गाड्यांचा क्लच दाबताना सीटवरून बूड उचलायचं. रात्री मुक्कामाच्या गाडीत डाव्या मांडीत गोळे यायचे. मग माझा डावा जास्त भरला तर त्यात कौतुक कसलं, पगार घेतलाय त्याचा.

हिने एक लिहिलं नाही. पाय मोडला तेव्हा सहा आठवडे मी स्वयंपाक केला, आणि त्यानंतरही ही जिना उतरताना मी पुढे राहायचो, पडली तर धरायला. गडावरही त्याच सवयीने पुढे जातो. चहासाठी नाही.

अजिंक्यताऱ्याखालची

अहो, चहासाठीसुद्धा.

नऊ आठवडे झाले, म्हणून लिहितेय. पहिल्या आठवड्यात एका पाटावरून सातव्या वेळी डावी मांडी उडायला लागायची, पापणी लवते तशी. आता दोन पाट एकावर एक, बारा वेळा, तीन फेऱ्या. वरचा पाट सासूबाईंचा, पितळी फुलांचा, त्यावर पाय ठेवताना आधी नमस्कार करावा लागतो. डब्यात मटकी आणि उकडलेलं अंडं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वासावरून तक्रार केली, आता त्याही आणतात.

मांडीला टेप लावली होती, वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर. तेव्हा उजवी 44, डावी साडेबेचाळीस. आता डावी 43. अर्ध्या सेंटिमीटरचा मला भरवसा नाही, टेप शिंप्याची आहे. पण खुर्चीतून फक्त डाव्या पायावर उठणं आधी एकदाही जमत नव्हतं, आता चार वेळा जमतं. खुर्ची जेवणाची, कार्यालयातली नाही. तिला चाकं आहेत.

गडावरून उतरताना विसरले की अजून डावाच आधी जातो. मग हे मागून "उजवा!" म्हणून ओरडतात. हो, हल्ली हे मागे असतात. परवा पुढे चाललेल्या दोन एनसीसीच्या पोरांनी पाय बदलला. उजवा गुडघा शेवटच्या वळणापर्यंत गप्प असतो, तिथून थोडा बोलतो.

भाचीला म्हटलं, पुन्हा एकदा बसव त्या खुर्चीवर. ती म्हणते, मावशी, प्रबंधात प्रत्येकाला एकदाच मोजायचं असतं, आणि तुझी नोंद झालीये. तिच्या तक्त्यात माझा डावा 66 च राहणार आहे.